वीस चौकटी पुढे

वेल्मा हार्टविग,
तुझं नाव पोस्टरवर नेहमी तिसरं,
कधी पाचवं,
एकदा तर छापखान्याच्या नावाच्या जेमतेम वर.
शिडीवर चढून पोस्टरं मीच लावायचो,
खळीचं बोट तुझ्या नावामागून दोनदा फिरवायचो.
डुलूथच्या वाऱ्यात
बाकीच्यांची नावं आधी सुटायची.

मी राइनो कांटोला.
आर्केडिया थिएटरचा प्रोजेक्टर चालवला, एकतीस वर्षं.
खाली लोखंडाच्या गोदीवरचे मजूर,
कोटांवर तांबडी धूळ, हातात शेंगदाण्यांच्या पुड्या,
सगळे नायिकेसाठी आलेले.
तू यायचीस तिसऱ्या रिळात.
नाइटक्लब, धूर, पियानोला टेकलेलं कोपर,
एकच गाणं,
तेही पुरतं नाही.
दुसऱ्या कडव्यात कॅमेरा तुला सोडून
नायकाच्या टेबलाकडे निघून जायचा,
पाहुणे आले म्हणून
पोराला भरल्या ताटावरून उठवावं तसं.

ते दोघं बोलत बसायचे. काय बोलायचे देव जाणे.
त्यांच्या मागे तू गातच असायचीस,
दिसत नसताना,
एकही सूर न चोरता.
तेवढ्यापुरता मी आवाज दोन खुणा चढवायचो.
मग नायक खेकसल्यासारखा प्रेमाचं बोले,
ग्लासात बर्फ दगडासारखा पडे,
आणि मॅनेजर ब्रँडव्होल्ड धापा टाकत जिना चढून येई:
"कान फुटले का तुझे?"
नाही साहेब, उघडलेत.

हेल्मी म्हणायची, बाईला बारमाही सर्दी आहे.
असेल.
नितळ नव्हताच तुझा आवाज.
दूध आटवलेल्या पातेल्याची खरवड असते ना,
किंचित करपलेली,
आणि भावंडांचं भांडण तिच्यावरूनच होतं,
तसा.
आणि समेवर तू कधी वेळेत आली नाहीस.
पियानो केव्हाचा दारात पोचलेला,
तू बुटांवरचा बर्फ झटकत मागून.
तेवढ्या उशिरात माझं अख्खं तारुण्य मावलं.

एका फेब्रुवारीत, दुसऱ्या खेळाला, फिल्म तुटली.
नेमकी तुझ्यापाशी.
अंधारात शिट्ट्या, पाय आपटणं.
मी कात्री चालवली, डिंक लावला, जोडलं.
दोन चौकटी कापल्या तरी भागलं असतं.
मी आठ कापल्या
आणि खिशात घातल्या.
आयुष्यातली माझी एकुलती एक चोरी
(शेंगदाण्यांचं सोड).

आता सांगतो ते तुला कुणी सांगितलं नसेल.
फिल्मवर आवाज आपल्या चित्राशेजारी नसतो,
वीस चौकटी पुढे छापलेला असतो.
यंत्राची सोय आहे ती, माझी कल्पना नव्हे.
म्हणजे माझ्या या तुकड्यात
तू श्वास घेतेयस, ओठ मिटलेले,
हनुवटी जराशी वर,
आणि कडेच्या चिंचोळ्या पट्टीत
केसाएवढ्या रेघांमध्ये
गाणं सुरूसुद्धा झालंय.

हे मला उशिरा उमगलं.
तोवर त्या प्रतीत तू कितीतरी रात्री
अर्धा श्वास घेऊन गायलीस,
पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळून.
लोकांना वाटलं असेल, बाई चुकली.
तुझी चूक माझ्या कॉफीच्या डब्यात होती.

नंतर म्हणे तू फ्रेस्नोला टोप्यांचं दुकान काढलंस.
गेलीस तेव्हा पेपरात चार ओळी,
नावात एक अक्षर कमी,
"चित्रपटांत किरकोळ भूमिका."
किरकोळ!
ते कात्रण मी डब्यात ठेवलं नाही.

आज मार्चअखेर. हेल्मीही नाही आता.
तुकडा खिडकीशी धरतो. आकसलाय, व्हिनेगरसारखा वास येतो.
तुझ्यामागे सरोवर, निम्मं गोठलेलं,
आणि पूल उचला म्हणून
वर्षातलं पहिलं जहाज भोंगा देतंय.

थांब म्हणावं त्याला जरा.
तिने आत्ताच श्वास घेतलाय.